पहिल्या सेकंदाचा हिशेब

नाकाला चिमटा लावला की सगळेच हसतात.
साईकिरण मेरगूही हसला.
वय बावीस, उंची एकशे बहात्तर,
पत्ता विडी घरकुल.
काय होतंय विचारलं तर म्हणाला,
चौथ्या फेरीत दम लागतो, मॅडम.
पोलीस भरतीची तयारी चाललीय.
तीन फेऱ्या मी पहिल्या दहांत असतो.

पुठ्ठ्याची नळी हातात दिली.
ओठ घट्ट मिटा, छातीभर घ्या आणि फुंका,
जोरात, सगळं बाहेर,
थांबू नका, अजून, अजून, अजून –
दिवसातून चाळीस वेळा ओरडते मी हे,
शेजारच्या एक्स-रेवाल्या लोखंडेमामांनाही पाठ झालंय.

त्यानं नळी ओठांत धरली
आणि आत ओढली.

पंख्याचा तेवढा आवाज.
मग तो कानापर्यंत लाल झाला.
सवय, म्हणाला. सॉरी.

किती?
आठ. कधी दहा. मागावर रात्रपाळी असली की मोजत नाही.
विडी नाही हां मॅडम,
विडी म्हातारे ओढतात.

मशीनला सहा सेकंद लागतात,
पण खरं काय ते पहिल्याच सेकंदात कळतं.
तरण्या छातीतला वारा कसा निघावा,
गड्ड्याच्या दारूकामातला बाण सुटतो तसा.
याचा निघाला
पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं तसा,
आधी फुसफुस,
मग करंगळीएवढी धार.
पडद्यावरची रेघ चढली तर खरी,
पण उतरताना मधेच पोट पाडून बसली,
दोरीवर ओली चादर लोंबते तशी.

तीनदा घेतलं. नियम आहे.
वाफ दिली, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा घेतलं.
कागद सरकत बाहेर आला,
तळाशी एक ओळ :
फुप्फुसाचं वय पंचेचाळीस.

मशीन बिघडलंय का हो?
सकाळी मी स्वतः फुंकून बघितलंय, म्हटलं.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.
आईपेक्षा दोन वर्षांनी मोठं,
हे मला नाही, स्वतःलाच म्हणाला.

चल, दम मारून येऊ, म्हणतात ना दोस्त?
मारलेला दम आणि लागलेला दम
एकाच खात्यातून वजा होतात रे.
आणि विशीतलं फुप्फुस फार सोशीक,
बोभाटा करत नाही,
तीन फेऱ्या पळू देतं.
आज सोडलीस तर उतार थांबेल.
गेलेलं थोडं परत येतं, सगळं नाही.
हे डॉक्टरांनी सांगायचं असतं,
माझं काम फक्त ओरडायचं,
तरी सांगितलं.

बाहेर बाकड्यावर त्याची आई, पद्मावती.
हात रिकामे,
पण अंगठा आणि तर्जनी आपली फिरतायत.
मी ओळखते ते फिरणं.
माझ्या आईच्या मांडीवर सूप असायचं,
सुपाच्या कडेला टेकवलेली माझी वही.
चौथीचं गणित मला अजून तंबाखूच्या वासाचं आठवतं.
पंचवीस विड्यांचा कट्टा, हजाराचे चाळीस,
भागाकार मी तिथंच शिकले.
आणि कारखान्यातला तो माणूस,
एकेक विडी चिमटीत दाबून बघणारा,
सैल लागली की बाजूला टाकायचा : छाट.
दिवसाच्या मजुरीतून छाट वजा.
घरी येताना आई बोलायची नाही.

एमैंदम्मा? पद्मावतीनं दारातून विचारलं.
मी कागद पुढे केला.
तिनं तो घेतला नाही.
पंचेचाळीस, त्यानंच सांगितलं,
तेलुगूत, चपलेकडे बघत.

ती आत आली.
डब्याच्या काठावर टाकलेली त्याची नळी उचलली.
अहो, ते उष्टं आहे, म्हणायला हवं होतं मी.
तिनं नखानं कागदाचा जोड तपासला,
तोंड दाबून पाहिलं,
अंगठ्याखाली एकदा फिरवली.

छाट, म्हणाली,
आणि बोटं पदराला पुसली.